व्हॅन्डलिझम : उत्पात, नासधूस की खोडसाळपणा?

मोगरी :
विकिमीडिया कॉमन्सवर (विकिपीडियाला चित्रं पुरवणारा मुक्त साठा) गस्त घालणाऱ्यांसाठी, म्हणजे नवे बदल तपासणाऱ्यांसाठी, मराठी मदतपान लिहिते आहे. त्यात ‘व्हॅन्डलिझम’ला मराठी शब्द हवा. मराठी विकिपीडियावर ‘उत्पात’ रूढ आहे, पण ‘नासधूस’ जास्त बोलीतलं वाटतं. काय ठेवू?

तळटीप :
नासधूस नको. नासधूस झालेलं पुन्हा जसंच्या तसं होत नाही. कॉमन्सवर जुनी आवृत्ती शाबूत असते. ‘उत्पात’मध्ये करणाऱ्याचा हेतूही येतो. (पंढरपुरात जपून, तिथे रुक्मिणीच्या पूर्वीच्या परंपरागत पुजाऱ्यांचं आडनावच उत्पात!)

हेतू येतो म्हणूनच हा शब्द सरसकट लावू नका. नवख्याने वर्तमानपत्रातला फोटो स्वतःचा म्हणून चढवला, तर तो प्रताधिकारभंग. त्याचा साचा (पानावर लावायची तयार चौकट) वेगळा, सूचना वेगळी. चुकीचा वर्ग (कॅटेगरी) जोडला, तर ती नुसती चूक. वर्णनात शिव्या लिहिणं, मुद्दाम परवान्याचा साचा उडवणं, दुसऱ्याच्या संचिकेवर (फाइलवर) भलतंच चित्र चढवणं, हा उत्पात.

उंबरठा :
शेवटचा प्रकार मदतपानात वेगळा काढा, कारण तिथेच लोक अडतात. पानाचा इतिहास आणि संचिकेचा इतिहास स्वतंत्र असतात. पानाचं संपादन उलटवलं की मजकूर परततो, चित्र नाही. चित्रासाठी खालच्या संचिका-इतिहासाच्या तक्त्यात शेवटच्या चांगल्या आवृत्तीसमोरचा दुवा दाबावा लागतो. एवढं करूनही लेखात भलतं चित्र दिसत राहिलं, तर ते साठवलेलं लघुचित्र असतं. आधी पान पर्ज करायचं (सर्व्हरवरची साठवलेली प्रत काढून टाकायची), मग ब्राउझरची साठवण रिकामी करायची. हे माहीत नसलं की माणूस घाबरून तेच चित्र पुन्हा चढवतो आणि इतिहासात उगाच गर्दी होते.

मोगरी :
‘उलटवणे’ (अनडू) आणि ‘द्रुतमाघार’ (रोलबॅक) एकच ना?

तळटीप :
नाही. उलटवताना तुम्ही निवडलेला बदल रद्द होतो. द्रुतमाघारीत शेवटच्या सदस्याची लागोपाठची सगळी संपादनं एका टिचकीत जातात. तिला वेगळा अधिकार लागतो. गोची अशी, की दोन खात्यांनी आळीपाळीने उत्पात केला असेल, तर द्रुतमाघार त्याआधीच्या उत्पाती खात्याच्या आवृत्तीवर जाऊन थांबते. अशा वेळी इतिहासातली चांगली आवृत्ती उघडून तीच जतन करावी.

उंबरठा :
‘खोडसाळपणा’ सदस्याला सूचना देताना वापरा, सौम्य आहे. आणि एक : मराठी मथळ्यात घातलेली शिवी इतर भाषांच्या गस्तकऱ्यांना कळत नाही. प्रचालकांच्या (ॲडमिनच्या) सूचनाफलकावर तक्रार करताना फरकाचा दुवा (दोन आवृत्त्यांमधला बदल दाखवणारा) द्या आणि शिवीचा अर्थ इंग्रजीत लिहा, कितीही अवघड वाटलं तरी.