धर्मगुरूंच्या बैठकांतून खरंच काही निघतं का?

टिपणवही:
सहा वर्षं झाली, मी आंतरधर्मीय संवादाच्या बैठकांची इतिवृत्तं लिहिते. आता तर वाटतं, आधीच लिहून ठेवावं आणि फक्त तारीख बदलावी. ‘सर्व धर्म शांतीच शिकवतात’, टाळ्या, फोटो. गेल्या बैठकीत तीन तासांत एकाही वक्त्यानं दुसऱ्याला साधा प्रश्न विचारला नाही. संपल्यावर जिन्यात दोघांनी एकमेकांचे नंबर घेतले. त्यातला एक मोबाइल हातात धरून म्हणाला, “नाव काय लिहू?” तीन तास मांडीला मांडी लावून बसले होते हो!

अशा संवादानं कुठे हिंसा थांबली आहे का? जाहीरनामे सांगू नका, ते माझ्याकडे कपाटभर आहेत.

खवचट:
शिकागोची सर्वधर्म परिषद १८९३ ची. पुढे दोन महायुद्धं झाली. बसा मोजत.

वाटसरू:
खवचटराव, परिषदेनं युद्ध थांबवावं ही अपेक्षाच चुकीची.

नायजेरियातलं कादुना बघा. इमाम मुहम्मद अशाफा आणि पास्टर जेम्स वुये हे दोघंही आधी आपापल्या बाजूच्या लढणाऱ्या पोरांचे पुढारी. १९९२ च्या दंगलीत वुयेंचा एक हात गेला, अशाफांचे गुरू आणि नातलग मारले गेले. १९९५ मध्ये दोघं समोरासमोर आले ते मुलांच्या लसीकरणाच्या बैठकीत, म्हणजे विषय धर्माचा नव्हताच! तिथून पुढे दोघांनी मिळून मध्यस्थीचं काम उभं केलं. मला वाटतं, ज्याचं काही गेलंय त्याच्याच तोंडी ‘पुरे झालं’ शोभतं. नुसत्या विद्वानाला कोण विचारतो?

दुसरी बाजूही सांगतो. ऑगस्ट २००२ मध्ये कादुनात धर्मगुरूंनी शांतता जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि नोव्हेंबरमध्ये शहर पुन्हा पेटलं. त्यामुळे तुमच्या कपाटाबद्दल सहमत.

अर्धविराम:
मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात २०१३ च्या डिसेंबरात बांगीमध्ये कत्तली सुरू झाल्या, तेव्हा इमाम ओमर कोबिन लायामा यांना कुटुंबासह तिथल्या आर्चबिशपनी, द्यूदोने न्झापालाइंगा यांनी, स्वतःच्या घरी आणलं. काही महिने ते तिथेच राहिले. देशातली हिंसा त्यानं थांबली नाही, हे खरंच. पण ‘हे धर्मयुद्ध आहे’ म्हणणाऱ्याला उत्तर म्हणून ते एक घर पुरेसं होतं. मात्र तशी वेळ येण्याआधी दोघांची ओळख हवी. ऐन दंगलीत कोण कोणाला दार उघडतो?

खवचट:
बरं, घरापुरतं मान्य. पण आपल्याच लोकांच्या शिव्या खायची तयारी किती जणांची असते? बाहेर मिठी मारणं सोपं. घरी परतल्यावर ‘तिकडे कशाला गेला होतात’ याचं उत्तर द्यावं लागतं, खरी बैठक ती.

टिपणवही:
खवचट, हे नेमकं आहे. माझ्या इतिवृत्तात ती बैठक कधीच नसते.

पुढच्या वेळी भाषणांना पाच मिनिटं द्यायची आणि उरलेल्या वेळात एवढंच ठरवायचं, असं सुचवणार आहे: रात्री अफवा आली तर कोण कोणाला फोन करणार, आणि त्यानं उचलला नाही तर पुढचा कोण. आयोजक नाक मुरडतील, त्यात फोटो काढण्यासारखं काही नाही ना.

आणि जिन्यातल्या त्या दोघांचं. यादी करायला घेतली म्हणून एकाला नंबर विचारला, तर त्यानं लिहून घेतलेल्यात एक आकडा कमी निघाला.