चुकीच्या निदानावर बसवलेल्या अल्टरनेटरचे पैसे परत मागता येतात का?

वारजेकर (पुणे):
माझी नऊ वर्षे जुनी पेट्रोल गाडी आहे. गेल्या महिन्यात डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा अधूनमधून लागू लागला आणि सकाळी सेल्फ मारताना इंजिन जड फिरू लागले. नेहमीच्या गॅरेजमध्ये स्कॅनर लावून अल्टरनेटर, म्हणजे चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा भाग, गेल्याचे सांगण्यात आले. नवा अल्टरनेटर आणि मजुरी मिळून १४,५०० रुपयांचे पक्के बिल झाले. तिसऱ्या दिवशी दिवा पुन्हा लागला, तेव्हा त्याच गॅरेजने आता ईसीएम (इंजिनचा संगणक) खराब असून ३२,००० रुपये खर्च येईल असे सांगितले. मला ते पटले नाही, म्हणून मी गाडी एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्यांनी इंजिन चालू ठेवून मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर धरली. जिथे जवळपास शून्य हवे, तिथे आकडा आला १.४ व्होल्ट. बॅटरीच्या निगेटिव्हकडून येणारी अर्थची जाड वायर जिथे गिअरबॉक्सला बोल्टने आवळलेली असते, तिथली लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) हिरवट पांढऱ्या बुरशीसारख्या थराखाली निम्मी खाऊन गेली होती. ३५० रुपयांची वायर बदलताच दिवा गेला आणि बॅटरीवर १४.२ व्होल्ट मिळू लागले. गॅरेजवाले मात्र बिलावरच्या ‘इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही’ या शिक्क्याकडे बोट दाखवतात. जुना अल्टरनेटरही त्यांच्याकडेच राहिला आहे. पुढे काय करावे?

सांगलीचे गॅरेजवाले:
सर्वांत आधी जुना अल्टरनेटर ताब्यात घ्या, आणि तो तोंडी न मागता लेखी मागा. तुमच्या साऱ्या तक्रारीचा जीव त्या जुन्या वस्तूत आहे. ती भंगारात गेली, तर ‘तोही खराबच होता, अर्थिंगचा दोष नंतर उद्भवला’ असे म्हणायला गॅरेज मोकळे राहील. अल्टरनेटर दुरुस्त करणाऱ्या दुकानात टेस्ट बेंच, म्हणजे तो गाडीबाहेर फिरवून तपासण्याचे यंत्र, असते. तिथे तो तुमच्यासमोर फिरवून घ्या, व्होल्टेजच्या आकड्याचा फोटो काढा आणि दुकानाच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्या. काढलेली वायर तर मुळीच टाकू नका.

व्यवसायाच्या बाजूनेही एक गोष्ट मनापासून सांगतो. स्कॅनरवरचा कोड व्होल्टेज कमी असल्याचे सांगतो, ते कशामुळे कमी आहे हे सांगत नाही. ते शोधायला मीटर लावून तास दीड तास बसावे लागते, आणि त्या वेळेचे ५०० रुपये मागितले तर बहुतेक ग्राहक नाराज होतात. त्यामुळे अनेक गॅरेजांत अंदाजाने पार्ट बदलून पाहण्याची सवय लागली आहे. याने तुमच्या गॅरेजची चूक लहान होत नाही, कारण चार्जिंगची तक्रार आली की आधी बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थ तपासायचे, हे आम्ही शिकाऊ पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो.

शिक्क्याबद्दल सांगायचे तर, गॅरेजला माल पुरवणारा डिस्ट्रिब्युटर एकदा गाडीत बसवलेला इलेक्ट्रिकल पार्ट सहसा परत घेत नाही हे खरे आहे. पण तो गॅरेज आणि डिस्ट्रिब्युटर यांच्यातला व्यवहार झाला.

नाशिकहून एक वाचक:
वरच्या उत्तराला कायद्याची जोड देतो. मी वकील नाही, पण स्वतः जिल्हा ग्राहक आयोगापुढे वकिलाशिवाय तक्रार चालवली आहे. आपण ‘पार्ट परत घ्या’ असे म्हणत राहिलात तर वाद त्या शिक्क्याभोवतीच फिरेल, कारण नवा अल्टरनेटर सदोष नाहीच. आपली खरी तक्रार निदान चुकल्याची, म्हणजेच सेवेतील त्रुटीची आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यात सेवेतील त्रुटीची स्वतंत्र व्याख्या आहे. शिवाय त्रुटीपूर्ण सेवेचे पैसे बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत करण्यास नकार देणे ही याच कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. म्हणून पत्रातले पहिले वाक्य शिक्क्याविषयी न लिहिता निदानाविषयी लिहा.

पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, १५ दिवसांची मुदत द्या आणि नवा अल्टरनेटर परत करण्याची तयारी स्पष्ट लिहा. आपण वस्तूही ठेवून घेऊन पैसेही मागत आहात, असा आक्षेप मग घेता येणार नाही. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि त्यानंतर जिल्हा आयोगात जा. मोबदल्याची, म्हणजे आपण मोजलेली, रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगात शुल्क लागत नाही, आपण राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि मुदत २ वर्षांची असते.

वारजेकर (पुणे):
दोघांचाही मनापासून आभारी आहे. लेखी मागणी घेऊन काल गॅरेजमध्ये गेलो. सुदैवाने जुना अल्टरनेटर मागच्या फळीवर तसाच पडलेला होता, आणि त्याच्या पुलीवर माझ्या गाडीचे शेवटचे चार आकडे खडूने लिहिलेले होते. आज तो बेंचवर फिरवला, तर १४.३ व्होल्ट स्थिर मिळाले. बेंचवाल्या दुकानाची तशी चिठ्ठी पाहिल्यावर गॅरेजच्या मालकांचा सूर बदलला. माझा जुना अल्टरनेटर मजुरी न घेता परत बसवून देण्याची आणि नव्याच्या किमतीपैकी ९,००० रुपये देण्याची तयारी त्यांनी दाखवली आहे. हे स्वीकारावे का?

सांगलीचे गॅरेजवाले:
माझ्या मते पार्टची पूर्ण किंमत मागा आणि मजुरीवर हवे तर तडजोड करा. तो अल्टरनेटर जेमतेम महिनाभर चालला आहे, दुसऱ्या ग्राहकाला वापरलेला म्हणून सांगून तो विकता येईल. जे ठरेल ते मूळ बिलाचा क्रमांक घालून क्रेडिट नोटवर (बिलातली रक्कम परत देय असल्याच्या लेखी कागदावर) घ्या, आणि पैसे खात्यात जमा होईपर्यंत नवा पार्ट गाडीतून काढू देऊ नका.

वारजेकर (पुणे):
तसेच पत्र आज लिहिले आहे. उद्या पोस्टात टाकतो आणि एक प्रत त्यांच्या हातात देऊन पोच घेतो.