पार्किन्सन्स: वडील आणि काका दोघांनाही. जनुकीय तपासणी कोणती करावी?

मदत हवी आहे. वडिलांना ५२व्या वर्षी पार्किन्सन्सचं निदान झालं, काकांना त्याआधीच, ४७व्या वर्षी. आजी ही आजोबांच्या मामाची मुलगी, म्हणून आनुवंशिकतेची शंका जास्त येते.

दुसरी बाजू अशी. वडिलांनी निफाडकडे द्राक्षबाग केली, तणनाशक पॅराक्वाट वर्षानुवर्षं स्वतः फवारलं, मास्क-हातमोजे नावालाच. पॅराक्वाटचा पार्किन्सन्सशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे, आपल्याकडे मिळतं. पण काका मुंबईत कारकून होते, त्यांनी पंपाला हातही लावला नाही! म्हणून नुसतं फवारणीच्या औषधांकडे बोट दाखवणं मला पटत नाही.

एमआरआय झालाय, लेव्होडोपा या पार्किन्सन्सच्या औषधाचा दोघांनाही चांगला गुण आहे. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, तपासणीने उपचार बदलणार नाहीत, हवी तर करा. मला मात्र धाकट्या भावाची काळजी आहे. तो तिशीत आहे आणि आता बाग तोच बघतो. त्याचं फवारणीचं काम मी आधीच थांबवायला लावलंय.

काकांचं लवकर वय आणि नात्यातलं लग्न पाहता पार्किन जनुकातल्या दोषाचा (दोन्हीकडून आला तर कमी वयात पार्किन्सन्स होतो तो) संशय येतो. त्यात जनुकाचा तुकडाच गळालेला असू शकतो आणि साध्या सिक्वेन्सिंगमध्ये (जनुकाची अक्षरं वाचणाऱ्या तपासणीत) तो निसटू शकतो, असं वाचलं. नाशिक, पुणे, मुंबईपलीकडे वडिलांना नेता येणार नाही. आयुर्वेदिक उपाय कृपया सुचवू नका.

गळालेला तुकडाही पकडणारी पूर्ण तपासणी या तीन शहरांपैकी कुठे होते, साधारण खर्च किती, आणि नमुना आधी वडिलांचा द्यावा की काकांचा?