लाँग डिव्हिजनला मराठीत काय म्हणता?

भाषांतरवाली
बीजगणिताच्या एका व्हिडिओची मराठी उपशीर्षकं करतेय. विषय: बहुपदीला बहुपदीने भागणे. 'लाँग डिव्हिजन'साठी 'दीर्घ भागाकार' लिहिलं, तर तपासनिसांनी लाल रेघ मारली. म्हणे असं कुणी बोलत नाही. दुसरं त्रांगडं याहून वाईट: 'भागाकारात भागाकाराची कोटी म्हणजे भाज्याच्या कोटीतून भाजकाची कोटी वजा करून येणारी संख्या.' (कोटी म्हणजे बहुपदीतला चलाचा सर्वांत मोठा घातांक.) पहिला भागाकार ही क्रिया, दुसरा हे उत्तर. ऐकणाऱ्याने ओळखायचं कसं?

उभीरेघ
तपासनिसांचं बरोबर आहे. दीर्घ वेलांटी असते, भागाकार कसला दीर्घ? आम्हाला 'भागाकार करा' एवढंच सांगायचे. आखूड भागाकार नसेल तर लांब हवा कशाला?

नववी_ब
आखूड आहे की, संश्लेषक पद्धत. त्यात नुसते सहगुणक मांडायचे. शिवाय पाठ्यपुस्तकात 'रेषीय पद्धत' आहे, तीच घ्या.

उभीरेघ
अहो, ती वेगळी. क्ष³ − ७क्ष + २ ला क्ष − ३ ने भागायचं, तर रेषीय पद्धतीत पदं जुळवत असं लिहीत जातात:
क्ष²(क्ष − ३) + ३क्ष(क्ष − ३) + २(क्ष − ३) + ८
म्हणजे भागाकार क्ष² + ३क्ष + २, बाकी ८. लाँग डिव्हिजनमध्ये हेच एकेक पायरी खाली उतरतं, आणि भाज्यात क्ष²चं पद नाही म्हणून तिथे ०क्ष² लिहून जागा राखावी लागते. नाही राखली, तर क्ष³ − ३क्ष² वजा करताना क्ष² नेमका −७क्ष च्या खाली येऊन बसतो आणि निम्मा वर्ग तिथेच गारद. माझं मत 'उभी मांडणी'.

कोशकीडा
उत्तराला 'भागफल' म्हणा, घोळ मिटला.

नववी_ब
भागफल हिंदी. उद्या 'घटाना' म्हणाल.

कोशकीडा
हिंदी कसं? भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) या क्रियेला 'भागहार' आणि उत्तराला 'फल' म्हटलंय. भागाकाराचं सूत्र 'अन्त्यात्', म्हणजे शेवटच्या स्थानापासून, सुरुवात करायला सांगतं. शेवटचं म्हणजे सर्वांत मोठ्या किमतीचं, आपण डावीकडून सुरू करतो तेच. हरकत घ्यायचीच असेल तर 'बाकी'वर घ्या, ती अरबी.

उभीरेघ
वजाही अरबी. मग वजाबाकी करायचीच नाही का? गंमत बघा, सूत्रात 'भाज्य = भाजक × भागाकार + बाकी' आणि पुढे लगेच 'शेष सिद्धांत'. बाकीचा सिद्धांत म्हटलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं?

कोशकीडा
'बाकीचा सिद्धांत' म्हणजे 'उरलेला सिद्धांत' असं वाचतील लोक.

आडवाट
शब्दांचं चालू द्या, मी हिशेब करतो. वरच्या उदाहरणात क्ष = १० घाला. भाज्य ९३२, भाजक ७. बहुपदीचा भागाकार १३२, बाकी ८. पण ९३२ ला ७ ने भागलं तर १३३ आणि बाकी १ येते. आठात अजून एक सात बसतो ना! संख्यांत बाकी भाजकाहून लहान हवी. बहुपदीत आकाराला कुणी विचारत नाही, कोटी कमी झाली की थांबायचं. हातचाही नाही, त्यामुळे खरं तर हे आकड्यांच्या भागाकारापेक्षा सोपंच.

भाषांतरवाली
सोपं असेल, पण फाइल उद्या द्यायची आहे. 'उभी मांडणी' लिहिते तूर्त. भागफलाचं काय ठरलं?

नववी_ब
भागफल नकोच. आणि 'कोटी' तरी कशाला ठेवताय? व्हिडिओत नुसतं 'बाकीची कोटी' ऐकलं की लोक पैसे समजतील. किंवा विनोद.

कोशकीडा
मग काय, 'घात'? 'बाकीचा घात झाला'?

आडवाट
कोटीच ठेवा, पण व्हिडिओतलं बाकीच्या कोटीचं वाक्य नीट तपासा. 'बाकीची कोटी भाजकाच्या कोटीपेक्षा कमी' असं असेल तर पूर्ण भाग गेल्यावर काय? ७क्ष³ ला क्ष ने भागलं की बाकी शून्य, आणि शून्य बहुपदीची कोटी आपण ठरवतच नाही. 'बाकी शून्य असते किंवा तिची कोटी…' असं हवं.

उभीरेघ
काही ठिकाणी शून्याची कोटी उणे अनंत धरतात, मग एका वाक्यात भागतं.

नववी_ब
नववीच्या पोराला उणे अनंत? कशाला?

उभीरेघ
पोराला नाही हो, उपशीर्षकाला. ओळीत अक्षरं मोजून बसवावी लागतात.