वरकस जमिनीवर माउंटन बाइक पार्क: वाटांची आखणी, पाऊस आणि परवानग्या

प्रश्न (लांजा)

आमच्या कुटुंबाची सड्याला (जांभ्या कातळाच्या पठाराला) लागून उताराची वरकस, म्हणजे भातशेतीला न चालणारी, जमीन आहे. वरच्या अंगाला उघडा कातळ, मध्ये काजू, खाली पऱ्या (पावसाळी ओढा) आणि एका कोपऱ्यात बंद पडलेली चिरेखाण (जांभ्याचे चिरे काढण्याची खाण), अशी तिची ठेवण आहे. गावातल्या तरुणांना गावातच काम मिळावे, म्हणून येथे माउंटन बाइक पार्क उभारण्याचे आम्हा भावंडांच्या मनात आहे. मे महिन्यात जेसीबी लावून वाटा काढाव्यात आणि पावसाआधी उद्घाटन उरकावे, की थांबावे?

प्रतिसाद (देवरूख)

कृपया थांबा. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्येच कोसळतो, त्यामुळे मे महिन्यात उकरलेली भुसभुशीत माती पहिल्या आठवड्यातच पऱ्यात गेलेली दिसेल. अमेरिकेत १९८८ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल माउंटन बाइसिकलिंग असोसिएशनचे ठोकताळे जगभर वापरले जातात. वाटेचा चढ डोंगर-उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा आणि सरासरीने तो १० टक्क्यांच्या आत राहावा, असे ते सांगतात. म्हणजे उतार १६ टक्के असेल तर वाट ८ टक्क्यांपेक्षा तीव्र नको. वाट नाकासमोर खाली सोडली की दोन पावसांत तिचा व्हाळ (ओढा) होतो. ती उताराला आडवी न्यावी, बाहेरच्या कडेला सुमारे ५ टक्के कलती ठेवावी आणि मधूनमधून तिला थोडा उलटा चढ द्यावा, म्हणजे पाणी वाटेवरून धावत न सुटता जागोजागी बाहेर पडते.

या पावसाळ्यात भर सरीत जमिनीवर फिरून पाणी कुठून वाहते तिथे खुंट्या ठोका. ऑक्टोबरमध्ये मातीत ओल असताना ती चांगली चोपली जाते. वळणांचे बांध तेव्हाच घाला. कोरडा जांभा टायर घट्ट धरतो, पण शेवाळ धरलेल्या कातळावर मुळीच भरवसा नाही, म्हणून पावसात सड्यावरच्या वाटा बंदच ठेवाव्या लागतील. पुढचा एक पावसाळा वाटांनी सोसल्यानंतरच, दिवाळीच्या सुमारास, पार्क लोकांसाठी खुला करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद (राजापूर)

यंत्र आणण्याआधी सातबारा नीट वाचा. इतर हक्कांत खासगी वनाची नोंद असेल तर १९७५ चा खासगी वने संपादन कायदा आणि १९८० चा वनसंवर्धन कायदा आडवा येतो, आणि मग वन विभागाला विचारल्याशिवाय कुदळही मारता येत नाही. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणीही करावी लागेल.

मला त्याहून अधिक काळजी कातळाची वाटते. कशेळी, बारसू, उक्षी येथील कातळशिल्पे, म्हणजे कातळावर कोरलेली प्राचीन चित्रे, २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, आणि अशी चित्रे इतर सड्यांवरही मातीखाली, गवताखाली असू शकतात. सकाळच्या तिरप्या उन्हात, गुरे चारणाऱ्या जाणत्या माणसांना सोबत घेऊन, सगळा कातळ पायी पाहा. एखादी रेघ जरी कोरलेली दिसली तरी वाट तिथून लांब वळवा.

प्रतिसाद (कुडाळ)

चिरेखाणीच्या उभ्या कडा आणि तिच्यात साचणारे पाणी पाहता तिला आधी भक्कम कुंपण घाला. नवशिक्यांची वाट तिच्या जवळपासही नको.

प्रश्नकर्ता (लांजा)

सर्वांचे मनापासून आभार. सातबाऱ्यावर खासगी वनाची नोंद नाही, मात्र सहहिस्सेदार मुंबईत असतात. गणपतीला सगळे घरी येतील, तेव्हा त्यांची लेखी संमती घेऊ. तोवर पावसात खुंट्या ठोकण्याचे काम हाती घेतो.