कॉलेजच्या ऑफिसात सत्यनारायण : 'परंपरा आहे' एवढं उत्तर पुरतं का?

खडूफळा
२०१८च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात प्रशासकीय कार्यालयात सत्यनारायण झाला, विद्यार्थी संघटनांनी विरोध केला. पूजा वर्षानुवर्षं चालत आलीय, असं उत्तर मिळालं. तेच फर्ग्युसन, जिथे आगरकर १८९२ ते १८९५ प्राचार्य होते; ज्यांची सनातन्यांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली.

आज आठवण झाली ती आमच्या कॉलेजमुळे. अनुदानित आहे, नाव देत नाही. यंदाच्या श्रावणात पूजेसाठी ऑफिसची खिडकी अकरा ते दीड बंद. बाहेर स्कॉलरशिपच्या फॉर्मवर शिक्का मारून घ्यायला मुलं उभी, त्यात माझ्या वर्गातली एक, पहाटेच्या एसटीनं आलेली. तिची परतीची गाडी एकची. मी आत होतो, केळीच्या खांबांशेजारी, हातात शिऱ्याचा द्रोण. काचेतून ती दिसत होती. घास घशाखाली उतरेना.

माझं मत सरळ आहे. कुणी टिळा लावावा, बुरखा घालावा, पगडी बांधावी, गळ्यात क्रॉस घालावा. ते त्या माणसाचं. पण कॉलेज जेव्हा स्वतः यजमान होऊन बसतं, तेव्हा बाकीचे आपोआप पाहुणे ठरतात.

लेथवाला
सर, तुमची तक्रार खिडकीची आहे, पूजेची नाही. खिडकी उघडी ठेवा, मिटला विषय.

मी इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये २२ वर्षं काढली. खंडेनवमीला आदल्या दिवशी सगळी लेथ, म्हणजे लोखंड कातायची मशीनं, पुसायची, काम पकडणाऱ्या चकमधला बुरा काढायचा, बेडला तेल द्यायचं. मग झेंडूचा हार, चकला हळदकुंकू, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर पाटावर मांडायचे. त्या दिवशी मशीन चालू करायचं नाही. पोरं वर्षभर मशीनला लाथा घालतात, त्या एका दिवशी हात जोडतात. यात धर्म किती आणि हत्याराची कदर किती, मला वेगळं करून दाखवा. आमच्याकडे नारळ कायम आमचे लेथ चालवणारे मुसलमान टर्नर फोडायचे. कधी वाद झाला नाही. हे सगळं बंद करून कॉलेजात उरणार काय, नुसतं बायोमेट्रिक?

मिलिंदनगर
लेथवालेकाका, एक विचारते, राग मानू नका. त्या टर्नरना 'मी नाही फोडणार' म्हणायची सोय होती का? वाद झाला नाही म्हणता, पण तो कुणी घालायचा होता?

माझ्या घरात भिंतीवर २२ प्रतिज्ञा लावलेल्या आहेत. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात दिलेल्या. आजोबा तेव्हा दीक्षाभूमीवर होते. पहिल्याच प्रतिज्ञेत ब्रह्मा-विष्णु-महेशाची उपासना करणार नाही, असं आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी विभागातल्या पूजेला मॅडमनी मला पुढे बसवलं, प्रेमानंच. आरतीचं ताट हातात दिलं. मी ओवाळलं. इंटर्नल मार्क त्यांच्याच हातात होते. घरी कुणाला सांगितलं नाही. आज इथे पहिल्यांदा लिहितेय.

जुना वारकरी
मग जयंत्यांचं काय? १४ एप्रिलला फोटोला हार घालतो, ३ जानेवारीला सावित्रीबाईंना घालतो, तेव्हा उदबत्ती लावतोच ना? आणि खडूफळा, बुरखा चालतो, पूजा नको, हा कुठला न्याय? चेंबूरच्या कॉलेजनं हिजाबाबरोबर टोपी, बॅज असं सगळंच बंद केलं, ते तरी एकसारखं होतं. ठेवायचं तर सगळं ठेवा, काढायचं तर सगळं काढा.

खडूफळा
चेंबूरच्या त्या बंदीला मुंबई उच्च न्यायालयानं जून २०२४मध्ये हात लावला नाही, पण ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं हिजाब, टोपी, बॅजपुरती ती स्थगित केली. टिकली-टिळ्यावर बंदी घालाल का, असंही विचारलं. वर्गात बुरखा मात्र नाही, हे कायम राहिलं. मुलीच्या डोक्यावरचं कापड मला काही करायला लावत नाही. आरतीचं ताट लावतं. घटनेचं कलम २८ मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेतल्या विद्यार्थ्याला नेमकं एवढंच देतं: त्याच्या संमतीशिवाय, अल्पवयीन असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, त्याला उपासनेला बसवता येत नाही. आता, जिच्या हातात मार्क आहेत तिच्यासमोर दिलेली संमती कसली?

उदबत्तीचा मुद्दा मान्य. सावित्रीबाईंच्या फोटोला ओवाळण्यापेक्षा त्या दिवशी मुलींच्या होस्टेलची गळती काढा, असं मी स्टाफ मीटिंगमध्ये बोललोय. कुणाला आवडलं नाही.

लेथवाला
मिलिंदनगर, तुझं वाचून काल त्या टर्नरना फोन केला. रिटायर होऊन सहा वर्षं झाली. सरळ विचारलं. थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही सांगितलं म्हणून फोडायचो. मशीन पुसायला मात्र आवडायचं."

हार मी यंदाही घालणार, त्यात बदल नाही. पण हजेरीचं रजिस्टर त्या दिवशी वर्कशॉपमध्ये ठेवायचं नाही, एवढं नव्या इन्स्ट्रक्टरला सांगितलंय. आणि नारळ माझा मी फोडेन.