नियम तिघांनाही सारखा, मग मार एकालाच का बसतो?

लेथवाला_जळगाव

नमस्कार मंडळी. जळगाव एमआयडीसीत माझं लहानसं वर्कशॉप आहे, तीन लेथ आणि दोन पोरं. नॅसकारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोटारींच्या शर्यती मी गेली आठ-नऊ वर्षं बघतोय. आपल्याकडे त्या रविवारी मध्यरात्रीनंतर लागतात. उन्हाळ्यात खाली तशीही झोप येत नाही, म्हणून गच्चीवर खाट टाकतो आणि मोबाइल उशाला उभा करतो.

प्रश्न असा आहे. शर्यतीचा नियम बदलला आणि गाड्या उतरवणाऱ्या शेवरोले, फोर्ड, टोयोटा या तिन्ही कंपन्यांना तोच लावला, तर न्याय झाला असं धरायचं का?

हे का विचारतोय ते सांगतो. ठिबक-तुषारच्या फिटिंगमध्ये प्लास्टिकच्या आत पितळी इन्सर्ट बसतो, तो मी बनवतो. त्याच्या बाहेरून नर्लिंग असतं, म्हणजे बारीक दाते, त्यामुळे तो प्लास्टिकमध्ये फिरत नाही. गेल्या सीझनला आमच्या गिऱ्हाइकाने मध्येच नवं ड्रॉइंग पाठवलं. सरळ दाते बंद, आता तिरके चौकटीचे हवेत. पत्र आम्हा तिन्ही पुरवठादारांना एकाच दिवशी आलं, शब्दन् शब्द सारखं. बदल चांगलाच होता, तिरके दाते जास्त घट्ट धरतात, हे मीही मान्य करतो. पण माझे ३,८०० नग तयार होऊन क्रेटमध्ये पडले होते. शेजारच्याने अजून पितळेचा बारसुद्धा आणला नव्हता. तो नव्या ड्रॉइंगवर सुरू झाला आणि मी भंगाराचा भाव विचारत फिरलो. ज्याने आधी कामाला हात घातला, तोच अडकला.

तेव्हा मला क्रायस्लर या अमेरिकन गाडी कंपनीची गोष्ट आठवली. १९६४ ला त्यांनी ४२६ घनइंची, हेमी नावाचं इंजिन आणलं. त्या वर्षीच्या डेटोना ५०० या नॅसकारच्या मोठ्या शर्यतीत पहिल्या तिन्ही गाड्या क्रायस्लरच्याच प्लिमथ, आणि ड्रायव्हर रिचर्ड पेटीने २०० पैकी १८४ फेऱ्या पुढे राहून काढल्या. लगेच पुढच्या मोसमासाठी नियम आला की हे इंजिन शोरूमच्या गाडीत मिळत नाही, म्हणून चालणार नाही. कागदावर तो नियम सगळ्यांनाच होता. पण तसलं इंजिन बनवून बसलं होतं कोण? क्रायस्लर रागावून बाहेर पडली, पेटी ड्रॅग रेसिंगला, म्हणजे सरळ पट्टीवरच्या शर्यतींना गेला. १९६६ ला हेमी रस्त्यावरच्या गाडीत विकायला आलं आणि पेटीने पुन्हा डेटोना जिंकली.

जाणकारांनी सांगा, मी चुकीचा विचार करतोय का?

लोकोशेड_भुसावळ

दादा, तुमच्या नुकसानीचं वाईट वाटलं. पण दोन गोष्टी तुम्ही एकाच क्रेटमध्ये टाकल्यात.

मी रेल्वेत ३४ वर्षं काढली. जिवाशी गाठ असलेला नियम आला तर तो त्याच पाळीपासून लागतो, कोणाचं सामान तयार आहे ते बघत नाहीत. १९८७ ला टॅलाडेगाच्या ट्रॅकवर, शर्यतीआधीच्या पात्रता फेरीत बिल एलियटने फोर्ड थंडरबर्ड ताशी २१२.८०९ मैलांनी पळवली, म्हणजे ३४२ किलोमीटरच्या वर. त्याच शर्यतीत बॉबी अ‍ॅलिसनची गाडी हवेत उचलली गेली आणि प्रेक्षकांपुढच्या जाळीत घुसली. म्हणून १९८८ पासून डेटोना आणि टॅलाडेगाला रिस्ट्रिक्टर प्लेट आली. कार्ब्युरेटरच्या खाली चार भोकांची पातळ पट्टी, इंजिनला हवाच कमी मिळते. सगळ्यात जोरात फोर्ड होती, म्हणजे फटका फोर्डला जास्त. तरी मी त्याला अन्याय म्हणणार नाही. जाळीच्या पलीकडे लेकरं बसलेली असतात.

तुमची हेमीची गोष्ट वेगळी. तिथे कोणाचा जीव वाचवायचा नव्हता. १९७१ ला मागे उंच पंख लावलेल्या गाड्यांनाही असंच केलं. डॉज चार्जर डेटोना ही तशी गाडी बनवताना क्रायस्लरने नियम तंतोतंत पाळला होता, किमान ५०० गाड्या विकायच्या तर तेवढ्या बनवल्या. मग ठरलं की पंख लावायचा तर इंजिन ३०५ घनइंचांचंच, बाकीच्यांना मात्र त्याहून कितीतरी मोठं. गाडीवर बंदी नाही, फक्त श्वास कोंडला. त्या वर्षीच्या डेटोना ५०० मध्ये तशी एकच गाडी उतरली, डिक ब्रुक्सची, आणि ती सातवी आली. अशा इंजिनावर सातवी! मला त्या पोरांचा अजून अभिमान वाटतो.

बाजावाला_शिरपूर

काय भो, मोठा विषय काढला. कॉलेजात असताना आमची टीम पिथमपूरला बाजाला, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः गाडी बनवून उतरवायच्या स्पर्धेला गेली होती. तिथे सगळ्यांना एकच इंजिन, ३०५ सीसीचं, १० एचपी. वेग रोखणारा गव्हर्नर ३,८०० आरपीएमला बांधलेला, तपासनीस मीटर लावून बघायचे. इंजिनाला हात लावायचा नाही म्हटल्यावर आम्ही वजनाच्या मागे लागलो. चार रात्री जागून ब्रॅकेटांना भोकं पाडली.

नॅसकारही २०२२ पासून त्याच वाटेला आहे. नव्या गाडीची चासी, गिअरबॉक्स, सस्पेन्शन ठरलेल्या पुरवठादारांकडूनच घ्यायचं. कंपनीचं स्वतःचं राहिलं इंजिन आणि बॉडीचा आकार, आणि तो आकारही विंड टनेलमध्ये तपासून ठराविक मर्यादेत बसवायचा. तरी सारखं झालं का? २०२२, २३, २४, तिन्ही वर्षं ड्रायव्हरचं अजिंक्यपद फोर्डच्या गाडीला आणि कंपन्यांचं शेवरोलेला. मग वरचढ कोण? २०२४ ला फोर्डची नवी मस्टँग पहिल्या १२ शर्यतींत एकदाही जिंकली नाही. बाराव्या, कॅन्ससच्या शर्यतीत तर ०.००१ सेकंदाने गेली. तेराव्या शर्यतीत खातं उघडलं आणि वर्षाअखेरीस ड्रायव्हर लोगानो त्याच मस्टँगमध्ये चॅम्पियन झाला. पहिल्या दहा शर्यती बघून कोणी फोर्डला सूट दिली असती, तर ती चूक ठरली असती.

म्हणून मोसम सुरू झाल्यावर, जिवाचा प्रश्न नसेल तर, नियमाला हात लावू नये. मोसम संपल्यावर काय ते करा.

धुळेकर

शेवरोलेच्या मालक जनरल मोटर्सचं राहिलं की. १९८५ ला एलियटने ११ शर्यती मारल्या (अजिंक्यपद मात्र शेवरोलेच्या वॉलट्रिपला), तेव्हा जीएमने स्वतःची गाडीच बदलली. माँटे कार्लोची मागची काच उतरती केली आणि विकायला २०० गाड्या काढल्या, नियमात बसतील एवढ्याच. मागे पडलेल्याने असं करावं.

लेथवालेभाऊ, त्या ३,८०० नगांचं पुढे काय झालं?

लेथवाला_जळगाव

सगळ्यांचे आभार. लोकोशेड दादा, जाळीपलीकडच्या लेकरांचं म्हणणं पटलं. ते मी मोजलंच नव्हतं. तिथे मुदत मागणं बरोबर नाही.

नग अजून क्रेटमध्येच आहेत. एकदा दाते पडलेल्या पितळेवर दुसरे दाते बसत नाहीत, खरवडायला गेलो तर माप कमी भरतं. हजारभर नग रावेरच्या एका पंप दुरुस्तीवाल्याने नेले, तो थ्रेड वापरतो, बाहेरच्या दात्यांशी त्याला देणंघेणं नाही. बाकीच्यांचं बघतोय.

तुमचं वाचून काल मी गिऱ्हाइकाला पत्र लिहिलं. ड्रॉइंग हवं तेव्हा बदला, पण तयार मालासाठी ४५ दिवस द्या, आणि गळती किंवा शेतकऱ्याच्या नुकसानीचं कारण असेल तर एक दिवसही देऊ नका. बाकी दोन पुरवठादारांनाही त्यावर सही करायला सांगितलं. शेजारच्याने केली. अजून उत्तर नाही. पुढच्या आठवड्यात नवा बार उचलायचा आहे, त्याआधी आलं तर बरं होईल.